मैदानाच्या कडेला, हातात पाच घड्याळे

साधारण १९८० ची गोष्ट असेल. मी आठ वर्षांची होते आणि भुसावळला रुळांपलीकडच्या मैदानावर, फक्कीच्या रेषेपासून दोन हात मागे, एका उपड्या घमेल्यावर बसून फुटबॉलचा सामना पाहत होते. पाहत होते असे म्हणणे तितकेसे खरे नाही, कारण माझे निम्मे लक्ष माझ्या डाव्या हाताकडे होते. सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू आपापली घड्याळे काढून बाबांकडे देत आणि बाबा ती माझ्या हातात मनगटापासून थेट कोपरापर्यंत एकामागून एक चढवीत. पट्टे मोठ्या माणसांच्या मापाचे असल्यामुळे ती घसरू नयेत म्हणून हात वाकवून छातीशी धरावा लागे. त्या पाच घड्याळांत पाच निरनिराळ्या वेळा असत. लोकोशेडमधल्या फिटरकाकांचे घड्याळ तेवढे बिनचूक असते, असे बाबांनी सांगून ठेवले होते, त्यामुळे मैदानातून कोणी "किती राहिलं गं?" असे ओरडले की मी मनगटाकडून दुसरे घड्याळ पाहून उत्तर देत असे. माझ्या आयुष्यातील ती पहिली जबाबदारीची नोकरी होती, आणि तिच्यातून मी अजून निवृत्त झालेली नाही.

ज्या क्लबसाठी मी घड्याळे सांभाळली, त्याचे नोंदणीचे नाव चांगले लांबलचक आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. "पिवळ्या बनियनवाले" एवढे म्हटले की जामनेर रोडपासून खडका रोडपर्यंत कोणालाही कळते. पहिल्या वर्षी पैसे नव्हते म्हणून साध्या पांढऱ्या बनियनी घरीच पिवळ्या रंगविल्या होत्या आणि पहिल्याच पावसात तो रंग अकराही जणांच्या चड्ड्यांवर उतरला होता, असे बाबा सांगत. रंग मात्र तोच राहिला.

खान्देशात फुटबॉल कसा, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. जळगाव किंवा अमळनेरच्या माणसालाही कधी कधी पडतो. भुसावळच्या माणसाला तो पडत नाही, कारण त्याचे उत्तर रुळांवरून आलेले आहे. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे पोहोचली आणि एका लहान गावाचे जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून अँग्लो-इंडियन कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर इन्स्टिट्यूट, म्हणजे रेल्वेच्या लोकांचा क्लब, आले, नाच-गाणी आली, हॉकी आली आणि फुटबॉलही आला. पुढे त्यांतील बरीच कुटुंबे परदेशी निघून गेली, पण खेळ राहिला. यावल आणि रावेरच्या केळीच्या बागांतून नोकरीसाठी आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी तो उचलला, जाम मोहल्ल्यातल्या पोरांनी उचलला, तमिळ आणि उत्तर भारतीय कर्मचाऱ्यांच्या मुलांनीही उचलला. आमच्या संघात पास मागताना आजही मराठी, हिंदी आणि आमची तिकडची बोली अशा तिन्हींचा वापर एकाच दमात होतो: "इधर दे ना भो, मी मोकळा हाय!"

बाबा मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणू लागले आहेत ते. ते स्वतः फारसे चांगले खेळत नव्हते, परंतु त्यांच्याजवळ रेल्वेने दिलेली शिट्टी होती आणि सरावाच्या सामन्यांचा रेफरी होण्यास तेवढी पात्रता पुरेशी होती. त्यांचे दैवत फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जी. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते, फ्रान्सविरुद्धच्या बरोबरीत गोल त्यांचाच होता, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातही ते होते. पण बाबांच्या दृष्टीने त्यांचा मोठेपणा वेगळाच होता. कोलकात्याच्या बड्या क्लबांकडे न जाता हा माणूस ईस्टर्न रेल्वेकडून खेळत राहिला आणि त्या संघाने १९५८ मध्ये कोलकाता लीग जिंकली. "रेल्वेचा माणूस आहे आपला," असे बाबा अशा सुरात म्हणत, की बॅनर्जींचे क्वार्टर आमच्या मागच्याच ओळीत असावे. रेल्वेच्या संघाने १९६० च्या दशकात तीन वेळा संतोष ट्रॉफी, म्हणजे फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, हेही त्यांच्या बोलण्यात आठवड्यातून एकदा तरी येई.

१९९१ पासून क्लबची वही माझ्याकडे आली. वर्गणी, चेंडू, फक्की, बर्फ, रिक्षाभाडे असा जमाखर्च पुढच्या पानांवर आणि खेळाडूंची नावे मागच्या पानांवर, अशी तिची मांडणी बाबांनीच घालून दिलेली आहे. खेळाडूंच्या पानांवर नाव, जागा, जन्मतारीख आणि शेवटी "शेरा" असे रकाने आहेत. या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे, असे मी बाबांना विचारले होते. ते म्हणाले, "कुठे गेला ते." मी मागची पाने चाळून पाहिली तेव्हा त्याचा अर्थ कळला. गेला – इटारसी. गेला – कल्याण. गेला – पोलीस भरती. गेला – वडिलांची बदली, बडनेरा. गेला – नागपूर, खेळाडू कोट्यातून. त्या रकान्यात "खेळत आहे" असा शेरा कोणाच्याही नावापुढे नव्हता, कारण खेळत असेपर्यंत शेरा लिहायचाच नसतो.

एखाद्या मोठ्या शहरातील संघाचा पाठीराखा आपला खेळाडू दुसऱ्या संघात गेला की संतापतो. आमच्याकडे तसे करून चालत नाही. आमच्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी फुटबॉल खेळू देण्याचे एकच कारण असते, ते म्हणजे त्यातून नोकरी लागू शकते. रेल्वेत खेळाडूंची भरती होते, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. ज्या वर्षी आमचा संघ चांगला खेळतो, त्या वर्षी तो फुटतो. गोलकीपर निवड चाचणीला जातो, सेंटर हाफ आठ महिन्यांनी पेढे घेऊन येतो आणि पुढच्या मोसमात आम्ही पुन्हा नववीतल्या मुलांना ऑफसाइड समजावून सांगत बसतो. पेढे आले की मला आनंद होतो आणि त्याच संध्याकाळी वहीत शेरा लिहिताना वाईटही वाटते. इतक्या वर्षांत या दोन्ही गोष्टी एकमेकींना जागा करून द्यायला शिकल्या आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही.

आता १९९४ च्या अंतिम सामन्याविषयी लिहायला हवे, कारण मी ते टाळले तरी क्लबचे जुने लोक मला सोडणार नाहीत. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावी थंडीतली स्पर्धा होती. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही गेलो. चेंडू, पंप, अँकलेट, लिंबे आणि मी. घड्याळे आता माझ्या हातात नव्हे, तर पिशवीत होती, कारण मी बावीस वर्षांची झाले होते आणि ते बरे दिसले नसते. उत्तरार्धात, गोलशून्य बरोबरी असताना, आमच्या लेफ्ट आउटने, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूने, अठरा यार्डांच्या रेषेवरून डाव्या पायाने चेंडू मारला. तो आडव्या दांड्याच्या वीतभर खालून आत गेला, आणि जाळीच्या वरच्या कोपऱ्यात टोपलीएवढे भोक होते त्यातून तसाच बाहेर पडून मागे उभ्या असलेल्या शेंगदाण्याच्या गाडीवर आदळला. शेंगदाणे उडाले. आमची मुले नाचू लागली. रेफरी मधल्या वर्तुळाजवळून धावत आले, चेंडू जाळीच्या मागे पाहिला आणि गोल न देता समोरच्यांना गोलकिक दिली. लाइन्समनने निशाण वर केले नाही आणि खालीही केले नाही. शेंगदाणेवाला मैदानात येऊन "साहेब, बॉल जायातूनच आला, माह्या डोयानं पाह्यलं," असे सांगत होता. त्याचे कोणी ऐकून घेतले नाही, आणि नियमाप्रमाणे ते ऐकून घ्यायचेही नसते. आम्ही टायब्रेकरमध्ये हरलो. पाचवी पेनल्टी त्याच लेफ्ट आउटने बाहेर मारली. परतीच्या गाडीत तो दारात उभा राहिला आणि भुसावळ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या नावापुढे "गेला – मनमाड" असा शेरा पडला.

त्या हंगामानंतर आमच्या क्लबने स्वतःची जाळी घेतली. दोन गोलांच्या दोन. तेव्हापासून आम्ही जेथे जातो तेथे ती पोत्यात भरून नेतो आणि यजमानांची परवानगी काढून त्यांच्या जाळीवरून बांधतो. काही ठिकाणी लोक हसतात, एके ठिकाणी अपमान समजून भांडणही झाले, पण तीस वर्षांत हा नेम मोडलेला नाही. जाळी उन्हाने कडक होते, उंदीर कुरतडतात, मैदानावर चरणाऱ्या शेळ्यांची शिंगे तीत अडकतात. ती दुरुस्त करून द्यायला बाजारात कोणी नाही, असे आमच्या लवकरच लक्षात आले. शेवटी बाबांनीच तापीकाठी जाऊन भोई समाजातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले. त्यांनी जाळी पसरून पाहिली, चार बोटे एका घरातून सहज आरपार घातली आणि म्हणाले, "याच्यातून तं कटला बी निंघून जाईन, गार्डसाहेब, हे कोनी इनलं?" मग बांबूच्या चपट्या सुईवर नायलॉनची दोरी गुंडाळून, डाव्या हाताच्या अंगठ्याने घराचे माप धरीत, त्यांनी दुपारभर बसून प्रत्येक भोक इतके घट्ट विणले, की मूळ जाळी झिजून गेली तरी त्यांच्या गाठी शाबूत राहिल्या. आता त्यांचा नातू हे काम करतो.

मधली वर्षे भराभर सांगितली तरी चालतील. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर दिसला आणि एका महिन्यात आमच्याकडे मॅराडोनासारखी दहा क्रमांकाची बनियन मागणारी चौदा मुले झाली. नंतरची पंधरा वर्षे क्रिकेटची. क्रिकेटवर माझा राग नाही, पण आमच्या पेनल्टी क्षेत्रात पिच रोलरने दाबून ठेवणाऱ्यांवर होता आणि आहे. एकदा मैदान महिनाभर प्रदर्शनाला दिले गेले. पाळणे, स्टॉल गेले, खिळे आणि काचा राहिल्या. वीसेक जण ओळीने बसून, भुईमूग वेचावा तसे, ते खिळे वेचत होतो. आमची जमीन काळी असल्यामुळे उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत गेलेला खिळा पावसाळ्यात वर येतो, हे ज्ञान एका मुलाच्या टाचेच्या किमतीवर मिळाले. बाबा २००४ मध्ये गेले. शिट्टी माझ्याकडे आहे.

२०१७ साली मात्र काही महिने असे होते, की आम्ही एकदम शहाणे ठरलो. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, म्हणून १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्यात आला. ज्या शाळांत आम्ही वर्षानुवर्षे मैदानाचा तास मागत होतो, तेथून मला फोन आले. एका शाळेत नवा चेंडू आला होता पण पंपाची सुई नव्हती. मी सुई घेऊन गेले आणि ती ओली करून मगच घालायची, नाही तर आतला ब्लॅडर फाटतो, हे पी.टी.च्या सरांना दाखविले.

त्याच ऑक्टोबरमध्ये आम्ही सहा जण स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना पाहायला नवी मुंबईला गेलो. रात्रीच्या गाडीने ठाणे, तेथून लोकलने नेरूळ. इतके हिरवे आणि इतके सपाट मैदान मी प्रत्यक्षात प्रथमच पाहत होते. स्पेन ३-१ ने जिंकले. परंतु त्या सामन्यात मालीच्या एका खेळाडूने लांबून मारलेला फटका आडव्या दांड्याला लागून खाली, रेषेच्या आत पडला आणि बाहेर उसळला, आणि रेफरींनी गोल दिला नाही. आमच्यापैकी जो सगळ्यात वयस्क होता, १९९४ च्या संघाचा राइट हाफ, तो खुर्चीवरून उठला आणि हजारो लोकांच्या गोंगाटात "आत होता! आत होता!" असे ओरडू लागला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने त्याला विचारले, "काका, तुम्ही मालीचे का?" तो म्हणाला, "हो."

बॅनर्जी २० मार्च २०२० रोजी गेले. दोन दिवसांनी जनता कर्फ्यू होता आणि लगेचच भुसावळ स्टेशनात प्रवासी गाड्यांचा आवाज येईनासा झाला. आमच्या मैदानावर त्या उन्हाळ्यात गुडघाभर गवत वाढले. अठरा महिन्यांनी आम्ही जमलो तेव्हा पंधरापैकी सात मुले परतली. बाकीच्यांच्या नावापुढे काय शेरा लिहावा हे मला कळेना. दोघे जण सुरतेला कामाला गेले होते, ते लिहिले. उरलेल्यांची जागा कोरी आहे.

सध्याचा संघ बरा आहे. फार चांगला नाही. मुले रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइलवर इंग्लंडमधले सामने पाहतात आणि सकाळी साडेपाचच्या सरावाला जांभया देत येतात. दूरच्या क्लबची दोन हजारांची जर्सी घेणाऱ्याकडून आमची शंभर रुपयांची वर्गणी निघत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगते. दोन वर्षांपासून मुलींचाही सराव सुरू झाला आहे. त्या वेळेवर येतात. मोसम संपला की डिसेंबरात कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी होते. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची आणि केळीच्या पानावर कळण्याच्या पुरीबरोबर वाढायची. त्या दिवशी मनमाड, कल्याण, नागपूर, जेथून जमेल तेथून शेरा पडलेले लोक येतात. गेल्या डिसेंबरात तो लेफ्ट आउटही आला होता. आता त्याचे गुडघे गेले आहेत. जेवण झाल्यावर त्याने मला विचारले, "ताई, त्या दिवशीचं वहीत काय लिहिलंय?" मी सांगितले, की स्कोअर लिहिला आहे, आणि खाली, शेंगदाण्यांची नुकसानभरपाई रुपये बावीस.

घड्याळे आता कोणी घालत नाही. माझ्या पिशवीत पंधरा मोबाइल असतात आणि सामना चालू असताना त्यांतला एखादा सारखा वाजत राहतो. बहुतेक वेळा पडद्यावर "आई" असे दिसते आणि मी उचलून "हाफ व्हायचाय, नंतर करा," असे सांगते. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. जाळी ओसरीवर पसरली आहे, डाव्या बाजूला तीन ठिकाणी फाटली आहे, आणि रविवारी ती तापीकाठी पोहोचवायची म्हणून रिक्षावाल्याला सांगून ठेवले आहे.