रात्री तंबू लावता कुठं?

लग्नात पंगतीला शेजारी बसलेली बाई विचारते, दळणाच्या गिरणीवर कोणी विचारतं, परवा तर दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना विचारलं. "तुम्ही दोघंच गाडी घेऊन फिरता म्हणे, तंबूत झोपता म्हणे. तेही आपल्या विदर्भात! रात्री तंबू लावता कुठं? भीती नाही वाटत?" विचारण्यात थोडं कौतुक असतं, थोडी काळजी असते आणि ‘चांगलं घरदार असून यांना झालं तरी काय’ हेही असतंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

लावतो वावरात. मालकाला विचारून.

आम्ही अमरावतीचे. दिवाळी झाली, थंडी पडली की निघतो, आणि होळीच्या आत जे काय फिरायचं ते फिरून घेतो. गाडी साधीच आहे. मागे दोघांचा तंबू, फोमच्या गाद्या, दोन वाकळी, छोटा गॅस, पाण्याचा कॅन आणि यांच्या गॅझेटिअरच्या झेरॉक्स. दिवसभर बघायचं ते बघतो, पण चार वाजले की पुढं कितीही मोठं देऊळ असो, बघणं बंद आणि जागा शोधणं सुरू. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो. अंधारात गावात शिरलेल्या गाडीकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात. उजेडात विचारलं तर तुम्ही पाहुणे असता.

वावरच का, तर तिथं माणूस असतो. हरभरा, गहू उभा असला की वऱ्हाडात रात्री वावर रिकामं नसतं. रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं एका रात्रीत सगळं तुडवून जातात, म्हणून जागल असते. मचाणावर एक जण वाकळ पांघरून बसलेला, हातात बॅटरी, खाली कुत्रं. मधूनच डबा बडवतो, हाकारा घालतो, पलीकडच्या वावरातून दुसरा त्याला ओ देतो. तुम्ही आम्हाला धाडसी म्हणता, पण तो माणूस महिनोन्‌महिने हेच करतोय आणि त्याच्याकडं चेन लागणारा तंबूही नाही. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर झोपायला भीती कसली? मला लॉजच्या खोलीत जास्त भीती वाटते, खरं सांगते. कडी नीट न लागणारा दरवाजा आणि रात्री एक वाजता बाहेर कोणाची तरी भांडणं.

पण मालकानं हो म्हटल्यावर विचारायच्या गोष्टी असतात, आणि त्या विचारल्याशिवाय हे एक खुंटीही ठोकत नाहीत. लाइन कधीची आहे? शेतीच्या पंपाला वीज कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. रात्रीची पाळी असेल तर बाराला मोटार सुरू होते आणि ओलीत चालू होतं. आज पाणी कुठल्या तुकड्याला आहे, स्प्रिंकलरचं तोंड कुठं फिरणार आहे, हे आधीच कळलेलं बरं. दुसरं, कुंपणाला झटका मशीन आहे का आणि कुठल्या बाजूला? मशीनचा झटका सहसा जीव घेत नाही, पण काही जण डुकरांसाठी तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे, त्यात माणसंही मेली आहेत. त्यामुळं आजूबाजूच्या चारही धुऱ्यांची चौकशी करायची आणि रात्री तारेकडं फिरकायचंच नाही. तिसरं, रात्री इकडं काय येतं? "डुक्करं, रोही, कधी कोल्हं" असं उत्तर आलं की आम्ही डिक्कीतून तंबू काढतो. सांगणारा जरा घुटमळला की आभार मानून गाडी काढतो.

जमिनीचंही सांगते. काळी जमीन हिवाळ्यात उलते, हातभर भेगा पडतात. खुंटी आत जाते पण धरत नाही आणि भेगेत कोण राहतं ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून बरड बघायची, मुरमाची, थोडी चढावर. बाभळीखाली कधी नाही, काटा तंबूच्या बुडातून थेट पाठीत येतो. कडुनिंब चांगला, दहिवर कमी पडतं. सगळ्यात छान म्हणजे परतवाडा-अंजनगाव पट्ट्यातले संत्र्याचे बगीचे. जमीन भुसभुशीत, वारा अडलेला, आणि आंबिया बहाराची तोड चालू असेल तर सकाळी मालक ओंजळभर संत्री देतो आणि पैसे काढले तर रागावतो.

या सगळ्यात वीज, काटे, डुकरं हे काही खरे अडथळे नाहीत. खरा अडथळा म्हणजे पाहुणचार. तंबू लावू न देणारा माणूस आम्हाला क्वचित भेटला. तंबूत झोपू न देणारे मात्र जागोजाग. लोणारच्या अलीकडं एका वावरात विचारलं तर म्हातारबुवा बराच वेळ तंबूच्या पिशवीकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "माह्यं घर हाय ना गावात. घर असून वावरात काहून झोपता? पाहुने वावरात झोपवले म्हून सारं गाव बोलन मले." यांनी समजावलं की आम्हाला आवडतं असं. ते बुवांना काही पटलं नाही. शेवटी तडजोड झाली: झोपायचं वावरात, पण जेवण त्यांचं.

तासाभरात सून आली, डोक्यावर टोपलं, मागं दोन पोरं. रोडग्यांचा बेत. विदर्भाबाहेर याला कॅम्पिंगचं जेवण म्हणतील, इथं ते वावरातलं नेहमीचं आहे. जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळलेली. तिनं पोळी लाटली, तेल लावलं, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि सगळं मिळून मुठीत दाबून गोळा केला. पोरांनी तोवर गोवऱ्या पेटवल्या होत्या. ज्वाळा असताना रोडगा टाकायचा नाही, हे मला पोरीनंच सांगितलं, ती असेल आठवीतली. गोवरी लाल झाली, वर राख धरली की गोळे आत पुरायचे आणि गप्पा मारत बसायचं. मधूनच काडीनं उलटायचे. कच्चा रोडगा दाबला की बोटाला जड लागतो, भाजला की चिरतो आणि आतून वाफ येते. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही हातांनी फोडायचा, आतले पदर सुटतात त्यात तूप. बाजूला तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी, तिच्यावर तेलाचा लाल तवंग आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे एरवी संध्याकाळी अर्धी पोळी खातात. त्या रात्री किती खाल्लं ते मी मोजलं नाही, सुनेनं मोजलं आणि गावात सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणार. तुम्ही गेला असाल तर बहुतेक वरून फोटो काढून आला असाल. खाली उतरा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर उल्केच्या आघातानं झालेलं आहे, आणि बेसॉल्ट खडकातली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. काठावर गोमुखाची धार आहे, बारमाही, गोडं पाणी. बायका तिथं आंघोळ करतात, कपडे धुतात. तिथून झाडीतून उतरत गेलं की तळाशी तेच पाणी साठून खारट आणि क्षारयुक्त झालेलं, साबणासारखं बुळबुळीत, आणि वासही येतो. २०२० च्या जून महिन्यात हे सरोवर गुलाबी झालं होतं, ते त्या खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. विवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथं तंबू चालत नाही आणि चालूही नये. गावात दैत्यसूदनाचं देऊळ मात्र चुकवू नका. छताकडं बघून मान दुखली की बाहेर येऊन चहा घ्यायचा आणि परत आत जायचं. आम्ही तसंच करतो.

तिथून सिंदखेडराजा जवळच. जिजाऊंचा जन्म इथला, १५९८ चा. १२ जानेवारीला गेलात तर महाराष्ट्रभरातून आलेल्या माणसांची गर्दी बघाल, वाडा नाही. आम्ही मुद्दाम आधी किंवा नंतर जातो. त्यांचे वडील लखुजी जाधव, त्यांची समाधी म्हणजे भलीमोठी इमारत आहे. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहानं त्यांना मुलांसकट दगाफटका करून मारलं, हे यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच पुढच्या लोकांना सांगते. शेगावला तंबूचा प्रश्नच येत नाही. भक्तनिवासात खोली, दर्शनाची रांग, महाप्रसाद आणि स्टेशनजवळ कचोरी. कपडेही तिथंच धुऊन घेतो.

नरनाळ्याच्या किल्ल्याला मात्र वेळ द्या. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूरला जायचं, तिथं वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि वर चढायचं. महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. दगडात कोरलेली कमळं, बाजूला झरोके, आणि वर अरबी अक्षरांच्या ओळी. तुम्ही विदर्भातलेच असून हे बघितलेलं नसतं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर वाढदिवस साजरे होतात आणि हा एवढा मोठा गड, आमच्याशिवाय वर दोन गुराखी. हे सगळं जंगल मेळघाटाचं, त्यामुळं संध्याकाळच्या आत खाली यायचं. मेळघाटात आत राहायचं तर सेमाडोह किंवा कोलकासला वनखात्याची सोय आहे, आधी नोंदवून जायचं. जंगलात गुपचूप तंबू लावून ‘कोण बघतंय’ म्हणणारे महाभाग असतात. बघणारे बरेच असतात, फक्त ते चार पायांचे असतात.

आता भीतीचं. ती आहे, पण पूर्वेकडं. वैनगंगेच्या बाजूला, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोलीकडं, आम्ही तंबू डिक्कीतून काढतच नाही. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासही नाही. तिकडं वाघ जंगलात थांबत नाही, धानाच्या बांधीपर्यंत येतो. मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेली माणसं त्यानं नेली आहेत. तिथल्या बाईला ‘तुम्हाला भीती नाही वाटत?’ हे विचारायला माझी जीभ रेटत नाही, कारण ती पहाटे जाणारच असते. तिला मोहाचे पैसे लागतात. आम्ही हौसेनं फिरणारी माणसं, आम्हाला कोणी सक्ती केलेली नाही, आम्ही भिंतीआड झोपतो.

आणि तिकडं झोपायला सपरी, म्हणजे घराची ओसरी, मिळते. नवेगावबांध तलावाच्या बाजूच्या एका गावात आम्ही अशाच एका सपरीत वाकळा टाकल्या होत्या. तो तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भंडारा-गोंदियात असे जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, पाळीवरून चालत गेलं की एका बाजूला पाणपक्षी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेल्या बांध्या. त्या रात्री घरमालक म्हणाले, झोपता कशाला, बाजूच्या गावात नाटक आहे. धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. रात्री दहाला गेलो. पडदा उघडता उघडता अकरा वाजून गेले. आम्ही तणसावर बसलो, वाकळ दोघांत एक. खलनायकाला शिव्या, नायिकेच्या आईला हुंदके, लावणीला शिट्ट्या, मध्येच चहा. माझ्या बाजूच्या आजी तर पात्रांना सल्ले देत होत्या: "त्याच्यावर इस्वास नोको ठेवू, बाई." पहाटे नाटक संपलं तेव्हा सगळं गाव चालत घरी निघालं, बायका, लेकरं, म्हातारी, टॉर्चच्या उजेडात, वाघाच्या मुलखातून. मोठ्यामोठ्यानं बोलत चालायचं हा त्यावरचा त्यांचा उपाय.

एक प्रश्न बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, तेही सांगते. घरात संडास आहे का हे मी जागा ठरवतानाच त्या घरच्या बाईला विचारते. हे पुरुषांवर सोडलं तर विचारलंच जात नाही. आता बहुतेक ठिकाणी असतो. नसेल तर पुढचं गाव. सकाळी पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका, कुलूप असतं आणि चावी असलेला माणूस चहा प्यायला गेलेला असतो.

आणि बऱ्याच जणांचं बोलणं शेवटी जिथं येतं ते: तुमचा तंबू चार दिवस मिळेल का? होळीपर्यंत मोकळा नाही. त्यानंतर खुशाल न्या. पण एप्रिलमध्ये वऱ्हाडात रात्री बारालाही गरम झळा येत असतात, तंबूच्या आत पाच मिनिटं बसून दाखवा. तेव्हा त्याच म्हातारबुवांकडं जा, अंगणात खाट टाकून देतील. जेवायला थांबावं लागेल.