थिसिससाठी चेहरे मोजताना

नागपुरात ऑर्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे वेडेवाकडे दात-जबडे नीट करण्याच्या शाखेच्या, पीजीला असताना माझा थिसिस दुभंगलेल्या ओठाच्या मुलांवर होता. ऑपरेशननंतर ओठ आणि नाक दोन्ही बाजूंनी किती सारखं झालं, हे थ्रीडी फोटोवरून मोजायचं. पूर्वी अशा लेकरांच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचे, तोही रडारडीत. सीबीसीटी, म्हणजे चेहरा-जबड्याचा एक प्रकारचा सीटी स्कॅन, काढायचा तर एक्स-रे आला. थ्रीडी कॅमेऱ्यात ती भीती नाही. वेगवेगळ्या कोनांतले कॅमेरे एकाच वेळी फोटो घेतात, त्यातले तेच ते बिंदू जुळवून चेहऱ्याचा आकार उभा राहतो. काही मिलिसेकंदांचं काम, त्यामुळे चुळबुळं पोरही चालतं.

तरी पहिल्या आठवड्याचे स्कॅन वाया गेले. मे महिना, घामाने नाक-कपाळ चमकत होतं. चमकत्या जागी बिंदू जुळत नाहीत, तिथे खड्डेच पडले. कपाळावरच्या काळ्या बटांचंही तेच. मग टिश्यूने चेहरा टिपायचा, हेअरबँड लावायचा. ‘हसू नको’ म्हटलं की पोरं हमखास हसायची. ‘मम्मी म्हण आणि ओठ सैल सोड’ हे जमलं.

उमरेडहून आलेल्या एका आईने विचारलं, “मॅडम, माह्या पोराचा फोटो कोणाकोणाले दिसन?” संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीनेही हेच विचारलं होतं. एक्स-रेवरचं नाव झाकता येतं, इथे चेहरा हीच ओळख. फाईलला नावाऐवजी नंबर असेल, छापायचा झाला तर वेगळी परवानगी घेऊ, हे संमतीपत्रातून तिला दोनदा वाचून दाखवलं. मगच तिने सही केली.

खरा वेळ खाल्ला तो मोजण्यासाठी स्कॅनवर खुणेचे बिंदू लावण्याने. नाकाचा शेंडा सोपा. जबड्याचा कोन हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही, तो स्कॅनआधीच आयलायनरने खुणावला. वरच्या ओठाच्या कमानीचं टोक मात्र व्रणात हरवतं. दोन आठवड्यांनी तेच स्कॅन, आधीची रीडिंग न बघता, पुन्हा मोजले तर तिथेच माझा घोळ निघाला. टोक नेमकं कुठे धरायचं ते एका वाक्यात लिहून स्क्रीनशेजारी चिकटवलं आणि सगळे चेहरे पहिल्यापासून मोजले.

ती आई फॉलो-अपला आली तेव्हा तिला रंगीत नकाशा दाखवला. चेहऱ्याची आरशातली प्रत त्याच चेहऱ्यावर बसवायची; जुळतं तिथे हिरवं, फरक तिथे लाल. तिने नाकपुडीजवळच्या लाल डागावर बोट ठेवलं. “हे तं मले रोजच दिसते.”

पालकांना काय दिसतं, याचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नव्हताच. तो घालण्यासाठी पुन्हा एथिक्स कमिटीकडे अर्ज केला.