दोन प्रश्नचिन्हं मिळालेला उंट

१९९८ची लिनारेसची बुद्धिबळ स्पर्धा विश्वनाथन आनंदने जिंकली होती. तिचे डाव टिपणं लिहिण्यासाठी इंजिनातून, म्हणजे चाली तपासून त्यांना आकडा देणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढत होतो. इंजिन जुनं, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेलं मूल्यमापन) नसलेलं, आणि दर चालीला वेळ एक सेकंद. टोपालोव्ह–शिरोव्ह डावात काळ्याच्या ४७व्या चालीपुढे अहवालात दोन प्रश्नचिन्हं उमटली, म्हणजे घोडचूक. चाल होती उंट एच३, म्हणजे उंट एच पट्टीच्या तिसऱ्या घरावर. ज्या चालीसाठी हा डाव आजही पुन्हापुन्हा मांडला जातो, नेमकी तीच! बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि ती दुपार या एका स्थितीला दिली.

पट मांडून पाहा. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. काळ्याची दोन प्यादी जास्त आहेत, पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, एकमेकांना भिडू न शकणारे, त्यामुळे बरोबरीचा धोका मोठा. आपल्या प्याद्यांना साथ द्यायला काळ्या राजाला ई४ गाठायचं आहे. ई५ घर पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आहे, म्हणून वाट फक्त एफ५ वरून, आणि तिथे स्वतःचाच उंट बसलाय. तो नुसता बाजूला घेतला तर पांढरा राजा एफ२ वरून ई३ वर येऊन वाट बंद करतो. ई४ वर नेला तर जी३ खेळून पांढरा सावरतो आणि हवं असलेलं घर उंटानेच अडवलेलं राहतं. एच३ वर गेला की मात्र जी२ वर हल्ला होतो. पांढऱ्याने प्याद्याने उंट मारला की त्यात त्याची एक चाल जाते आणि काळा राजा एफ५, मग ई४. मारलाच नाही आणि राजा एफ२ वर आला, तर राजा एफ५, राजा एफ३, उंट जी२ वरचं प्यादं शह देत मारतो, राजा तो उंट घेतो आणि काळा राजा तरीही ई४ वर.

मग इंजिन चुकलं कुठे? एक समजूत आधी दूर करायला हवी: बलिदानाला असं वेगळं मूल्य इंजिन देतच नाही. ते शोधाच्या टोकाची स्थिती मोजतं आणि तो आकडा मागे आणतं. म्हणून बलिदान टोकापर्यंत तपासलं गेलं का, हाच खरा प्रश्न असतो. मोहरा ज्या घरावर जातो, तिथली मारामारी इंजिन आधी झटपट हिशेबतं. उंट एच३ त्यात सरळ उणे तीन प्यादी दाखवते. अशी चाल यादीत तळाला जाते, तळाच्या चालींचा शोध कमी खोलीने होतो आणि उथळ खोलीवर त्या छाटल्याही जातात. शिवाय पांढऱ्याने पुढे एफ६ घेतलं की त्याच्याकडे उंट आणि दोन प्यादी, काळ्याकडे तीन प्यादी. जुनं मूल्यमापन हे पांढऱ्याच्या बाजूने मोजतं. ए आणि डी पट्ट्यांवरची दोन मोकळी (वाटेत विरोधी प्यादं नसलेली) प्यादी एकटा उंट अडवू शकत नाही, हे कळायला आणखी बऱ्याच चाली खोल जावं लागतं.

तपासणी अशी केली. हॅश, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींची इंजिनाची स्मृती, रिकामा केला. एकच थ्रेड (समांतर चालणारा शोध) ठेवला, कारण अनेक थ्रेड लावले तर प्रत्येक वेळी निकाल थोडा वेगळा येतो. वेळेऐवजी नोड्सची, म्हणजे तपासायच्या स्थितींच्या संख्येची, मर्यादा घातली. आधी पाच पर्याय एकदम मागितले होते, ती चूक होती. पाचही चालींचे नेमके आकडे काढताना खोली घटते. मग सर्चमूव्ह्ज आज्ञेने फक्त उंट एच३ शोधायला लावलं. शेवटी डावातल्याच चाली पुढे खेळलो: राजा ई४, उंट एफ६ घेतो, डी४. तिथे इंजिनाला नीट मुरू दिलं आणि हॅश न पुसता एकेक चाल मागे आलो. आकडा काळ्याकडे झुकलेलाच राहिला. इथे चिन्ह जपून वाचावं लागतं: इंजिन ज्याची चाल त्याच्या बाजूने आकडा देतं, पटाचा प्रोग्रॅम बहुधा तो पांढऱ्याच्या बाजूने उलटवून दाखवतो.

सात मोहऱ्यांच्या टेबलबेसचा, म्हणजे पटावर सातपर्यंत मोहरे असलेल्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या संग्रहाचा, उपयोग होईल असं वाटलं होतं. पण एफ६ पडल्यावरही पटावर आठ मोहरे उरतात. आणखी एक मारामारी झाल्याशिवाय टेबलबेस बोलत नाही.

स्टॉकफिश या इंजिनात २०२० साली न्यूरल मूल्यमापन आलं, तेव्हापासून टोकाच्या स्थितीचा अंदाज पुष्कळ सुधारला, पण छाटणी आहेच. लीला या दुसऱ्या, न्यूरल नेटवर्कवरच चालणाऱ्या इंजिनाची अडचण निराळी. तिचं नेटवर्क प्रत्येक चालीला आधीच एक शक्यता देतं. ती कमी असेल तर त्या चालीला भेटी कमी मिळतात, म्हणजे शोध तिच्याकडे कमी वेळा वळतो. म्हणून लीलाचा आकडा वाचताना भेटींची संख्याही बघतो. स्टॉकफिशचे जुने आणि नवे आकडेही शेजारी ठेवत नाही: १५.१ आवृत्तीपासून १.०० म्हणजे जिंकण्याची ५० टक्के शक्यता.

अहवालातली प्रश्नचिन्हं काढून दोन उद्गारचिन्हं घातली. मग त्या गठ्ठ्यातल्या, दोन प्याद्यांहून जास्त किंमतीचा मोहरा देणाऱ्या सगळ्या चाली वेगळ्या काढल्या आणि एका सेकंदाऐवजी त्या रात्रभर चालवायला लावल्या.