देवळाचं दार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला हमखास येतो: ‘तिकडे युरोपात चर्च विकतात म्हणे, बार काढतात त्यात. तुम्हाला काही वाटत नाही? उद्या आपल्या तलावपाळीच्या चर्चचं तसं झालं तर?’ विचारणारा बहुधा ख्रिस्ती नसतो, तरी तो ‘आपल्या’ म्हणतो. ते मला फार मोलाचं वाटतं.

मी ठाण्याचा, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा मराठी बोलणारा ख्रिस्ती. माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. तेव्हा वाटतं, जीव तुटतो. डब्लिनमध्ये ज्या सेंट मेरीज चर्चात 1761 साली गिनेस बिअरवाल्या आर्थर गिनेसचं लग्न लागलं, तिथे आज बार आहे. हे मला पटत नाही. पण नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचं डोमिनिकन चर्च तेराव्या शतकातलं, मध्यंतरी तिथे सायकली ठेवत. 2006 पासून पुस्तकांचं दुकान आहे. ते मी मनापासून स्वीकारतो. कुणीही आत शिरावं, मान वर करून कमानी बघाव्यात. चर्चाचे फ्लॅट झाले की मात्र दाराला कुलूप लागतं आणि गावाचं नातं तुटतं.

इंग्लंडमध्ये अँग्लिकन, म्हणजे तिथल्या अधिकृत पंथाच्या, चर्चांच्या सोळा हजारांच्या आसपास इमारती आहेत. डागडुजीचा भार मुख्यतः त्या त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, माणसांवर, आणि माणसं तर कमी होत चाललीत. बंद पडलेली साडेतीनशेच्या वर चर्च 1969 साली सुरू झालेला एक ट्रस्ट सांभाळतो. माझी भाची तिकडे एका खेड्यात राहते. ती सांगते, रविवारी मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा-बारा डोकी. पण चर्च बंद करायचं निघालं तेव्हा सभेला सगळं गाव लोटलं. कधीही आत न गेलेले लोक सर्वांत जास्त चिडले होते. मला त्यांचा राग कळतो. आईबाप, आजेपणजे तिथेच पुरलेत ना! पण कौलं फुटली की पैसे काढायला त्यांनीच पुढे यायला हवं होतं, असंही मला वाटतं.

ठाण्यात चित्र उलटं. सणाच्या मिस्साला आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचा इतिहास 1582 पर्यंत मागे जातो. ठाणं 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेलं, चर्च राहिलं. सेंट जेम्स 1825 चं, इंग्रजांनी स्वतःसाठी बांधलेलं. ते गेले, प्रार्थना थांबली नाही. इथे मला भीती रिकाम्या बाकांची नाही, जागेच्या भावाची आहे. मोठं हवं, नवं हवं म्हणून जुनं पाडायची भाषा आपल्याच माणसांच्या तोंडी येते, तेव्हा झोप उडते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘मला एकदा तुमच्या देवळात न्या, लेकीचे दिवस भरलेत.’ दाराशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, ‘काकू, राहू द्या, आम्ही घालूनच जातो.’ ऐकलं नाही. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, ओल्या पावलांनी आत गेल्या आणि शेवटच्या बाकाची झिजलेली कड धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी बाहेर छत्री धरून थांबलो, त्यांच्या चपला भिजू नयेत म्हणून.