माळ्यावरची काजळी

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात जुन्या इमारतींची पाहणी करून त्यांची नोंद ठेवणं हे माझं काम. जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी देताना कधी कधी अट असते की आधी घराची रीतसर नोंद व्हावी. मग टेप, टॉर्च, कॅमेरा घेऊन आम्ही हजर.

ते घर रस्त्यावरून साधंच दिसत होतं. गुलाबी गिलावा, मधोमध विटांचं धुराडं, आत ठेंगणी छतं. संरक्षित इमारतींच्या यादीत दर्जा 'ग्रेड २', बांधकामाचा काळ सतरावं शतक. मालकीणबाई म्हणाल्या, "माळ्यावरची लाकडं फार काळवंडलीत, वाळूचा मारा करून उजळवून घेतोय." मशीन दारात येऊन उभं होतं.

शिडीवरून डोकं माळ्यात घातलं आणि जागीच थबकले. आडव्या तुळईवर मधोमध उभा खांब, वरच्या टोकापासून चारी दिशांना फुटलेले वाकडे टेकू: क्राऊन पोस्ट. वासे काळे कुळकुळीत. बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना, इतकी काजळी लाकडात मुरलेली. गावाकडे चुलीवरचे वासे पाहिलेल्या माणसाला हा काळा रंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इथे खाली जमिनीवर उघडा विस्तव पेटत होता आणि धूर छपरातून बाहेर जात होता. मधला मजला नव्हता, धुराडंही नव्हतं. असे मजले आणि धुराडी या भागात बहुतेक घरांत सोळाव्या-सतराव्या शतकात आली. म्हणजे यादीतला काळ नंतरच्या बदलांचा होता. मूळ घर बहुधा पंधराव्या शतकातलं.

पुढे कुडाच्या भिंतीपलीकडे गेले तर वासे स्वच्छ, मधाच्या रंगाचे. काजळी कुडापाशी थांबली होती. अलीकडे दिवाणखाना, पलीकडे निजायची खोली, हे इतकं स्पष्ट! खाली झोपायच्या खोलीत भिंतीवरच्या तुळईच्या पोटात शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचा ओळीने मिळाल्या आणि शेजारी एक लांब खोबण. बिनकाचेच्या खिडकीचे लाकडी गज त्या खाचांत बसत, सरकती झडप खोबणीत. सांध्यांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडेही होते. जोडणीच्या वेळी कुठलं लाकूड कुठे बसवायचं ते कळावं म्हणून.

मालकांना वर बोलावलं. वाळूच्या माऱ्याने ही काजळी जाईल, सालीलगतचं कोवळं लाकूडही झिजेल, आणि त्यातली झाडाच्या वाढीची शेवटची वलयं शाबूत असतील तरच ओक कुठल्या वर्षी तोडला ते सांगता येतं. संरक्षित इमारतीत असं काम विनापरवाना केलं तर तो गुन्हा ठरतो, तेही सांगावंच लागलं. पण त्याची गरज पडली नसती, असं मला अजूनही वाटतं. नवरा-बायको टॉर्च घेऊन त्या कुडाच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा बघत होते. "विस्तव नेमका कुठे होता?" त्यांनी विचारलं. मी खाली नेऊन दाखवलं, साधारण जेवणाच्या टेबलाच्या जागी.

मशीन परत गेलं. परगण्याच्या वारसा नोंदवहीसाठी अहवाल दिला, त्यात काळ बदलून लिहिला. वलयांच्या तपासणीसाठी कुठले वासे योग्य आहेत, तेही नकाशावर खूण करून जोडलं.