मांडो मागच्या बाकापर्यंत का पोचला नाही

चॅपलमधला गाण्यांचा कार्यक्रम संपल्याबरोबर आयोजकांनी मला दारातच गाठलं. "इटालियन गाणं कान फाडून गेलं आणि आमचाच मांडो कोणाला ऐकू आला नाही, हे कसं?" मांडो म्हणजे गोव्याचं जुनं कोंकणी गाणं. रोख माझ्यावर, कारण साउंड माझा. आणि त्या संध्याकाळी गाण्याला मी एकही माइक लावला नव्हता. गायिका सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच आवाज, मूळची गोव्याचीच, युरोपात ऑपेरा गाते. तिची अट दोन शब्दांची होती: "माइक नाका", म्हणजे माइक नको. ती आयोजकांनी आधीच मान्य केली होती, हे ते सोयीस्करपणे विसरले. पण प्रश्न खोटा नव्हता. मांडो खरंच मागे पोचला नाही. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग अजूनही अधूनमधून लावून बसतो.

आमच्या धंद्याची सवय याच्या नेमकी उलटी. फोंड्याकडच्या देवळांतली नाटकं असोत की कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा, जो येतो तो कानाशी लागून आवाज वाढवायला सांगून जातो. कमी कर म्हणणारा भेटत नाही. त्यामुळे माइक नाही म्हटलं की साउंडवाल्याला सुट्टी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर नको ते आवाज हुडकून गप्प करायचे असतात, आणि त्याचं बिल लावलं की आयोजकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

चॅपल उत्तर गोव्यातल्या बार्देशातलं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर अर्धगोल छत, खाली टाइल. रिकाम्या चॅपलमध्ये फुगा फोडला की घुमारा साधारण अडीच सेकंद रेंगाळतो. माणसं बसली की दोनच्या खाली येतो, कारण कपडे आणि अंगं वरच्या पट्टीचा आवाज पितात. जुन्या ट्यूबलाइटचे चोक शंभर हर्ट्झवर गुणगुणतात (आपली वीज पन्नासची, चोक तिच्या दुप्पट थरथरतो), ते आधी बंद केले. वेदीमागच्या खोलीतला फ्रीज तालमीत हमखास गप्प असतो आणि कार्यक्रमात बोलतो. त्याचा प्लग काढायचा आणि आपल्या गाडीची चावी त्याच फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे जाताना प्लग परत लावायला विसरत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या टाइलवर करकरतात, म्हणून त्या बाहेर काढून बाकं ठेवायला लावली. दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल घातलं. कार्यक्रम साडेपाचचा होता तो सातवर ढकलला, कारण साडेपाच-सहा ही पोदेराची, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याची वेळ, आणि त्याच्या सायकलच्या भोंग्याशी स्पर्धा करणारं वाद्य अजून जन्माला यायचंय.

खांबांवर दोन स्पीकर होते ते भाषणांपुरते. भाषणं संपली की नुसता फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून भागत नाही, स्पीकरमधून बारीक सूं येतच राहते. अँप्लिफायरच बंद करावा लागतो. आधी अँप, मग मिक्सर. चालू करताना उलट. क्रम चुकला तर असा ठोका बसतो की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं उठून उभी राहतात.

पियानो भाड्याचा, बेबी ग्रँड. आपल्या हवेत त्याची लाकडी साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची फळी, ओल पिऊन फुगते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. तोही सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकात जास्त. म्हणून आणल्या आणल्या सूर लावून घेणं फुकट असतं. निदान एक रात्र त्याला त्या जागेच्या हवेत राहू द्यायचं आणि मग ट्यूनरला बोलवायचं. आयोजकांनी हे ऐकलं, ही त्यांची जमेची बाजू. पियानोवादक पाहुणा होता. हात सुंदर, पण कान स्वतःच्याच हातावर. पियानोचं झाकण पूर्ण उघडं हवं हा त्याचा हट्ट, छोट्या काठीवर ठेवूया हे गायिकेचं म्हणणं. झाकण पूर्ण उघडंच राहिलं.

आता आवाजाकडे येतो. ती आली तेव्हापासून जवळजवळ बोललीच नाही. काही सांगायचं असेल तर फोनवर टाइप करून दाखवायची. आतल्या खोलीत पाण्याच्या ग्लासात जाड स्ट्रॉ बुडवून त्यातून खालवर सूर काढत बसली होती, नुसते बुडबुडे. आमच्या पोराला हसू आवरेना. पण त्यात शास्त्र आहे: नळीमुळे तोंडात उलटा दाब तयार होतो, स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके भिडतात, आणि आवाज न दमता तापतो. गाडीतला एसीही तिने बंद करायला लावला होता, थंडीला घाबरून नव्हे, एसीची हवा कोरडी म्हणून.

तालमीत तिने अर्ध्या आवाजात, काही ओळी तर सप्तकभर खाली म्हटल्या. त्यांच्यात याला मार्किंग म्हणतात. हे नखरे नव्हेत. ऑपेरात बहुतेक जण प्रयोगावर पैसे घेतात. घसा बसला आणि प्रयोग रद्द केला की मानधनही गेलं. मोठा आवाज पक्का व्हायला तिशी उजाडते. तोवर ऑडिशनला चार-पाच गाणी तीन-चार भाषांत तयार ठेवायची, बारीकसारीक भूमिका करायच्या, किंवा मुख्य गायिका आजारी पडली तर हजर म्हणून पूर्ण भूमिका पाठ करून पडद्यामागे बसायचं. आपल्या मातीतलं मोठं नाव सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो, मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या कुटुंबातल्या. त्यांचीही कारकीर्द इंग्लंडमध्येच घडली. इथे राहून हा धंदा होत नाही, कारण गोव्यात ऑपेरा हाउस नाही आणि उभं करायची कोणाला घाईही नाही.

पण मार्किंगमुळे रेकॉर्डिंगवाल्याची पंचाईत होते. तालमीवरून लेव्हल ठरवली तर प्रयोगात सगळं फाटतं. म्हणून तिला एवढंच विचारलं की सगळ्यात वरची ओळ एकदा पूर्ण आवाजात मिळेल का. मिळाली. ती शिखरं उणे चौदा डेसिबलवर धरून (मीटरवर शून्याला आवाज फाटतो) गेन, म्हणजे माइकचा आवाज किती घ्यायचा ते, तिथेच बांधून टाकला. प्रयोगात तीच ओळ उणे पाचला गेली. माणसं समोर असली की गाणारा वाढतोच. फक्त रेकॉर्डिंगसाठीचे, स्पीकरला न जोडलेले माइक दोन, छोट्या कॅप्सूलचे कंडेन्सर, एकाच पट्टीवर सतरा सेंटिमीटर अंतरावर, एकशे दहा अंशांत फाकवलेले, गायिकेपासून तीन मीटर दूर, डोक्याच्या बरेच वर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आवाजाचे चढउतार दाबून सपाट करणारा कंप्रेसर नाही. गोव्यात हे माइक सिलिका जेलच्या डब्यातून ऐनवेळी काढायचे. ओल धरली की कॅप्सूल चरचरायला लागते, आणि तेही नेमकं शांत जागी.

तिचं इटालियन गाणं पुचिनीच्या १९१८ च्या एका छोट्या ऑपेरातलं, 'ओ मिओ बाब्बिनो कारो'. ए फ्लॅट मेजर, म्हणजे आपली काळी चार. आपल्याकडची बाई काळी चारमध्ये गाते तेव्हा तिचा तार षड्ज ४१५ हर्ट्झचा. या गाण्यातला सगळ्यात वरचा सूर त्याच्याही वरचा षड्ज, ८३० हर्ट्झ. तिथे सोप्रानोला माइकची गरज का नसते हे मोजून झालेलं आहे. वाद्यवृंदाचा बहुतेक जोर साडेचारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर तो झपाट्याने उतरतो. सोप्रानोचा वरचा सूर आणि त्याचे स्वरांश (त्याच्यासोबत निघणारे आणखी वरचे बारीक सूर) बरोब्बर त्या मोकळ्या जागेत पडतात, आणि माणसाचा कान दोन ते चार हजारांत सगळ्यात तिखट असतो. शिवाय ती जबडा खाली सोडून तोंडाच्या पोकळीची पहिली घुमक त्याच सुरावर आणून ठेवते. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्या जागी शंभर डेसिबलच्या पुढचा आवाज एका गळ्यातून निघतो, तोही ओरडल्यासारखा न वाटता.

याची किंमत शब्दांनी मोजावी लागते. 'ई' आणि 'ऊ' ओळखायला तीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास काहीतरी ऐकू यावं लागतं. आठशे तीसच्या सुरात त्याखाली काहीच नसतं. मग ई, ऊ, ए सगळे 'आ'च्या कडेला सरकतात. इटालियन गाण्यात ते कोणाला कळलं नाही, कारण शब्द कोणालाच समजत नव्हते. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

१९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सोन्याच्या तबकडीत आमच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीत मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या राणीचं गाणंही, एडा मोझरनं गायलेलं, वरचा सूर जवळजवळ चौदाशे हर्ट्झ. गोव्यात केसरबाई सगळ्यांना माहीत. शेजारी कोण बसलंय ते कोणी विचारत नाही.

तर मांडो. तिच्या हातातल्या प्रतीत तो २९० ते ४९० हर्ट्झच्या दरम्यान फिरत होता. सोप्रानोचा हा खालचा मजला. तिथे तिच्याकडे गोडवा असतो, जोर नसतो. पियानोवादकाचा डावा हात आणि मधले कॉर्ड नेमके त्याच मजल्यावर, झाकण सताड उघडं, पाय पेडलवर, आणि वरून त्या खोलीचा घुमारा. मांडो एरवी दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज खालून आधार देतो. इथे ती एकटी. पुचिनी तिला तोंडपाठ होता. मांडो मात्र या कार्यक्रमासाठी नवा बसवलेला, म्हणून समोर स्टँड, स्टँडवर कागद आणि हनुवटी खाली. वरचे स्वरांश गाणाऱ्याच्या तोंडासमोरच सरळ जातात. व्यंजनं सगळी त्या कागदावर आपटली. स्टँड कमरेइतका खाली घेतला असता आणि पाटी आडवी केली असती तरी थोडा फरक पडला असता. पण कार्यक्रम सुरू असताना उठून तो हलवणं शक्य नव्हतं.

मागच्या पाच बाकांची गोष्ट वेगळीच. ती गायकवृंदाच्या माडीखाली येतात. माडीचं छत बुटकं, तिथे वरच्या कमानीतून परतणारा आवाज शिरतच नाही. नुसता सरळ येणारा पोचतो, आणि मांडोत तोच दुबळा होता. माडीवर बसलेल्यांना मांडो व्यवस्थित ऐकू आला, मी स्वतः विचारलं. आयोजक पाहुण्यांच्या स्वागताला दारापाशी, म्हणजे माडीच्या पोटात उभे होते. तक्रारी बहुतेक तिथल्याच.

माइक लावला असता तर? एकाच गाण्यापुरता लावला की आवाज तिच्या तोंडातून उठून एकदम खांबावर जाऊन बसतो. पुढच्या गाण्याला परत तोंडात. शिवाय त्या माइकमध्ये पियानोही शिरला असता आणि स्पीकरनी घुमाऱ्यात भर घातली असती. आवाज मोठा झाला असता, शब्द अधिकच चिखलात. आमच्यातले काही जण म्हणतील, थोडा रिव्हर्ब, म्हणजे यंत्रातला घुमारा, टाकून गोड करून दिलं असतं. त्यांना रिकाम्या चर्चमध्येही रिव्हर्ब टाकताना मी पाहिलं आहे.

आयोजकांनी व्हिडिओ मागितला, तोही आवाज मोठा करून. मांडो मीटरवर उणे तीसच्या आसपास, पुचिनीचं शिखर उणे पाचला. दोन्ही सारखे करून देता येतात, त्याला दोन मिनिटं लागतात. मी मांडो सहा डेसिबलने उचलला आणि थांबलो; त्याहून जास्त उचलला की बाईच्या श्वासाबरोबर पियानोचं पेडलही दाणदाण ऐकू येतं. ते खूश नाहीत.

तिला हे आकडे पाठवले. तिचं म्हणणं, पुढच्या वेळी मांडो पाच अर्धस्वर वर नेऊन गाते. गणित सोपं आहे: मग तो ३९० ते ६६० मध्ये येतो, पियानोच्या डोक्यावरून जातो आणि माडीखालीही पोचतो. पण पाचशेच्या पुढे ई-ऊ पुसट व्हायला लागतात, आणि मांडोतला एकेक शब्द त्या बाकांवरच्या लोकांना पाठ आहे. पुचिनीला जे माफ होतं ते इथे होणार नाही. मी तीनच अर्धस्वर सुचवले, म्हणजे वरचा सूर ५९० ला थांबतो. झाकण छोट्या काठीवर, स्टँड नको, आणि खालच्या आवाजासाठी गावातलीच एखादी दुसरी बाई. पहिल्या तीन गोष्टींना ती तयार आहे. दुसऱ्या आवाजाचं पियानोवादकाला विचारून सांगते म्हणाली, म्हणजे काय उत्तर येणार ते दिसतंच आहे. माडीखालची पाच बाकं रिकामी ठेवा म्हणून आयोजकांना सांगितलं, तर त्यांनी मलाच विचारलं, मग फुकट पासवाल्यांना बसवू कुठे?