पांढरी दोन की काळी एक? विवाल्डीचा ‘ग्लोरिया’ ऐकताना

डिसेंबरच्या कार्यक्रमात आमच्या वृंदाने इटालियन रचनाकार विवाल्डीचा ‘ग्लोरिया’, म्हणजे अनेक भागांचे लॅटिन स्तुतिगान, गायचा ठरवला, तेव्हा सरांनी प्रत्येकाला एकेक पान लिहून आणायला सांगितले. ज्या रेकॉर्डिंगवरून तयारी करायची, त्यातल्या तीन भागांची लय, स्वर आणि स्वभाव स्वतःच्या कानाने ओळखायचा. “कुठे वाचून लिहू नका, बसून ऐका,” एवढीच अट.

मी लहानपणापासून ख्याल शिकलेली. पाश्चात्त्य वृंदगायनात येऊन दोन वर्षे झाली होती, पण हे काम मला जमेल असे वाटले, कारण षड्ज शोधणे आमच्या अंगवळणी असते. आजोबांची पेटी काढली, रेकॉर्डिंग लावले. माझी रीत साधी: भाग संपताना सगळ्यात खालचा आवाज जिथे टेकतो, तिथे पेटीचा स्वर धरून ठेवायचा. पहिला भाग संपला, मी चाचपले, आणि स्वर मिळाला काळी एक. स्वरलिपीच्या पुस्तकात मात्र स्वच्छ डी मेजर, म्हणजे डी हा षड्ज, छापलेले. डी म्हणजे पांढरी दोन, काळी एकच्या अर्धा स्वर वर.

पाच-सहा वेळा ऐकले, दर वेळी काळी एकच. आधी पेटीवर संशय घेतला. फोनवरच्या ट्यूनरने तपासले तर पांढरी सहा, म्हणजे ए, बरोबर 440 वर (सेकंदाला 440 कंपने). मग वाटले, रेकॉर्डिंगच मंद झाले असेल. या शंकेने मी खरी अस्वस्थ झाले, कारण स्वर उतरला असेल तर लयही उतरली असणार, आणि घड्याळ लावून मोजलेले सगळे आकडे फुकट जाणार. दोन दिवस तसेच गेले.

तालमीला गेल्यावर सरांना विचारले. ते म्हणाले, “अगं, वाद्ये जुन्या पद्धतीची आहेत. त्यांचा ए 415 वर लावलेला असतो.” घरी येऊन 440 ला 415 ने भागले: 1.06. म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा स्वर. माझा कानही बरोबर होता आणि पुस्तकही. गंमत अशी की 415 हा आकडा आजच्या मंडळींनी सोयीसाठी ठरवलेला आहे. हार्पसिकॉर्डची (तारा छेडणाऱ्या जुन्या, पियानोसारख्या वाद्याची) पट्टीच एक घर सरकवली की 440 वर जाता येते. विवाल्डीच्या व्हेनिसमध्ये स्वर यापेक्षा चढा होता, असे अभ्यासक मानतात.

मग कागदावर लिहायचे काय? आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. कुणी काळी एकला गातो, कुणी काळी चारला, यमन तो यमनच. म्हणून मी आधी ‘स्वर कुठलाही चालेल’ असे लिहून टाकले होते. ते वाक्य नंतर खोडावे लागले. या संगीतात डी मेजर वाद्यांच्या शरीरात बसलेला आहे. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई. त्यामुळे डी आणि ए मोकळ्या तारांवर घुमतात. त्या काळच्या ट्रंपेटला झडपा नव्हत्या. आपल्या तुतारीसारखे फुंकीने जेवढे स्वर निघतील तेवढेच, आणि डी ही तिच्या नेहमीच्या लांब्यांपैकी एक. ट्रंपेटचा जल्लोष हवा म्हणून डी मेजर, हे नाते बाखच्या ‘माग्निफिकाट’मध्ये आणि हँडेलच्या ‘हालेलुया’तही आहे. फ्रान्समध्ये शार्पांतिए या रचनाकाराने 1690 च्या सुमारास स्वरांचे स्वभाव लिहून ठेवले, त्यात डी मेजर ‘आनंदी आणि अतिशय लढाऊ’ आहे. पहिल्या भागात व्हायोलिने षड्जावरून तारषड्जावर उड्या मारत येतात, तेव्हा हे शब्द चपखल बसतात.

पहिल्या भागाची लय मोजताना ॲप मिनिटाला कधी 61 ठोके दाखवी, कधी 122. शेवटी पंधरा सेकंद टाळी धरून मोजले, चारने गुणले, 120 च्या आसपास आले. सहावा भाग, ‘दोमिने देउस’, बाराच्या मात्रांत आहे. सोप्रानो (स्त्रियांचा चढा आवाज) आणि ओबो (सनईसारखे फुंकवाद्य) यांची संथ, झुलती जोडी, सी मेजरमध्ये. मी एकताल धरून बसले आणि सम सापडेना. धाकटा भाऊ तबला घेऊन शेजारी बसला होता. तो म्हणाला, “ताई, एकताल सोड, दादऱ्याची दोन आवर्तने धर.” तीन-तीनचे चार झोके. लगेच सगळे जागेवर आले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दुसऱ्या भागात, ‘एत इन तेर्रा पाक्स’, ‘आणि पृथ्वीवर शांती’. ट्रंपेट गप्प, ओबो गप्प, फक्त तंतुवाद्ये. स्वर बी मायनर, म्हणजे डी मेजरचेच सात स्वर, पण धैवताला षड्ज मानलेला. आपल्या भाषेत मूर्च्छना. स्वर तेच असून उजेड एकदम मावळतो, आणि एकामागून एक आवाज दाटत जातात. शार्पांतिएने याला ‘एकाकी आणि उदास’ म्हटले आहे. 1715 च्या सुमारास ही रचना व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी झाली. त्या जाळीआड उभ्या राहून गात, ऐकणाऱ्यांना दिसत नसत. पुढे ती दोनशे वर्षे विस्मरणात गेली, हस्तलिखिते 1920 च्या दशकात मिळाली आणि 1939 मध्ये इटलीतल्या सिएना इथे ती आधुनिक काळात पहिल्यांदा गायली गेली. हे कळल्यावर मी हा भाग दिवा मालवून पुन्हा ऐकला.

या भागावर ‘आंदान्ते’ लिहिलेले आहे, चालत्या माणसाची गती. रेकॉर्डिंगमध्ये मला 66 मिळाले. तालमीत आम्ही त्याच गतीने गायलो, तर ‘पाक्स’वरचा लांब स्वर धरताना आल्टोंचा, म्हणजे खालच्या आवाजात गाणाऱ्या बायकांचा, श्वास मधेच तुटायला लागला. सरांनी थोडे पुढे ढकलले, आणि ओळ एका श्वासात पुरी झाली. घरी येऊन मी 66 खोडले नाही. शेजारी पेन्सिलने 72 लिहिले, आणि त्याखाली: ‘आमच्या खोलीत, आमच्या श्वासाला.’